जपानी चित्रं म्हणजे नुसती लाट नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जपानी ठसाचित्रांवर, म्हणजे लाकडी ठशांनी कागदावर छापलेल्या चित्रांवर, काही छापायचं म्हटलं की जुन्या काळातला चित्रकार होकुसाई याची ती समुद्राची लाट आणि फुजी डोंगर, त्यापुढं कुणी जातच नाही राव. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टोकियो बेचिराख झालं आणि मग जे नवं शहर उभं राहिलं त्याचीही लाकडी ठशांवर चित्रं निघाली, आणि मला तरी ती जास्त आवडतात. १९२८ ते १९३२ मध्ये आठ चित्रकारांनी मिळून नव्या टोकियोची शंभर दृश्यं केली, त्यात सबवे, कॅफे, स्टेशन, सगळं आलं. कोइझुमी किशिओनं तर १९२८ ते १९४० एकट्यानं शंभर चित्रं केली, रेखाटन, कोरणं, छापणं सगळं स्वतः, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरायचा, त्यावर ओलसर कागद अचूक जागी बसवायचा आणि मागून हातानं घासायचं, प्रेस वगैरे काही नाही! त्याच्या त्या शंभरात भूकंपात गेलेल्यांचं स्मारकही आहे, जिथं ते बांधलं त्या मोकळ्या मैदानात आसऱ्याला आलेली जवळपास ३८ हजार माणसं आगीत गेली होती.

आणि हो, आपल्याकडं वेरूळ-अजिंठ्याला येऊन गेलेल्या योशिदा हिरोशी या जपानी चित्रकारानं तिथलीही ठसाचित्रं केली, १९३१ च्या सुमारास. रविवार पुरवणीत एकदा त्यावर पानभर द्या की, रंगीत छापा मात्र.

– एक वाचक, पुणे