आई-बाबा, तिकिटं काढलीत

प्रिय आई-बाबा,

रागवू नका, शनिवारी मी न्यायला येतेय, पुण्याची तिकिटं काढून झालीत, वृद्धांच्या डॉक्टरांची वेळही घेतलीय. विचारलं नाही कारण बाबा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले असते, आणि ते बाथरूममध्ये पडून डोक्याला लागलं तेव्हा मी नव्हते हे मला रोज टोचतंय गं आई.

गेल्या वेळी गोळ्यांच्या डब्याचा फोटो काढला म्हणून तू ओरडलीस ना, त्याचसाठी काढला होता. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, वर सर्दीची क्लोरफेनिरामिन. तिन्ही अँटिकोलिनर्जिक जातीच्या, म्हणजे मेंदूतलं ॲसिटाइलकोलिन अडवणाऱ्या, ज्याच्यावर आठवण आणि लक्ष चालतं. डोक्याला मार लागला की ते सुरुवातीला उसळतं आणि नंतर महिनोन्‌महिने कमी पडतं. दादा म्हणाला तेही खरंय, उंदरांच्या प्रयोगात मार बसल्या बसल्या अशी औषधं देऊन फायदा दिसला होता, पण बाबांना पडून दोन महिने झालेत, आता उलटं गणित आहे. डॉक्टर अशा प्रत्येक गोळीला तिच्या जोराप्रमाणे गुण देतात, एकूण तीन झाले की काळजी करायची, आणि बाबांच्या एकेका गोळीचे तीन, म्हणजे नऊ. चूक कुणाचीच नाही, तीन डॉक्टरांनी आपापलं दुखणं बघून दिल्या.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मध्ये डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याच्या आजाराच्या, ५८,७६९ पेशंटची औषधं तपासली. लघवीच्या असल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेल्यांत डिमेन्शिया जास्त दिसला, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांचं तसं नाही दिसलं. गोळीमुळेच होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि बाबांना तसलं काही आहे असं मी म्हणतच नाहीये. आत्याचं आठवून घाबरू नका.

माझ्याकडे कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे लावून घेतलेत, बाबांची उशी तेवढी आणा, आणि सकाळचा चहा साडेपाचला मीच करेन.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तेच तीनदा विचारलंत आणि मग गप्प झालात. एकोणतिसाचा पाढा चुकला की तुम्ही कधी रागावला नाहीत, "परत सांग बाळा" एवढंच म्हणायचात. तुम्ही दहादा विचारा, मी दहादा सांगेन.

आता ऐका. डॉक्टरांनी दिलेली कुठलीच गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, अमिट्रिप्टिलिन तर मुळीच नाही, कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. सर्दीची नवी गोळी मात्र परस्पर दुकानातून आणू नका. सगळ्या स्ट्रिप्स आणि सीटी स्कॅनची फिल्म पिशवीत घाला, नुसता रिपोर्ट नको. डोकं जास्त दुखलं, उलटी झाली, गुंगी आली किंवा तोल जायला लागला तर शनिवारची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना आणि मग मला फोन. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवा, बिल मी भरते.

आई, किल्ली शेजारच्या काकूंकडे दे, कुंड्यांना पाणी त्या घालतील, मी बोललेय.

तुमची,
छोटी