आक्का, बदकं रोज सांजच्याला शेडमध्ये येत्यात, तुमच्यामुळं

आक्का, नमस्कार.

फोनवर तुम्ही "आभार कसलं मानतोस लेका" म्हणून विषयच संपवता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय, तुमचा नातू वाचून दाखवेलच.

वडगावच्या बाजारातनं सहा बदकं आणली तेव्हापासनं घरात एकच टेन्शन होतं, रात्री ह्यांना आत कसं घ्यायचं. आमचं परडं कसबा बावड्यात, मागं ऊस, उसापलीकडं पंचगंगा, मुंगसं तर दिवसाढवळ्या फिरत्यात आणि रात्री मोकाट कुत्री. जो तो सांगायचा की अंधार पडला की आपोआप येतील, कोंबड्या येतात तशी. तुम्ही एकट्यानं सांगितलंत की कोंबडीला रात्री दिसत न्हाई म्हणून ती दिवेलागणीला खुराडं गाठती, बदकाला रात्रीचं भ्या न्हाई, त्याला अंधारात पण चरायला आवडतंय, त्यामुळं त्याला सवयच लावाय लागती. एवढं कुणी आधी बोललंच नव्हतं हो.

आणि नुसतं सांगून थांबला नाहीत, ह्या वयात गुडघं दुखत असताना चिखलीहून बसनं आलात. आल्या आल्या चहा पण नको म्हणालात, आधी शेड बघितलंत. पहिलं आठ-दहा दिवस बाहेर सोडायचंच न्हाई, खाणंपिणं सगळं आतच, म्हणजे हेच आपलं घर हे त्यांच्या डोक्यात बसतंय. मग सोडायचं ते पण संध्याकाळच्या खाण्याच्या आधी तासभर, पोट रिकामं असताना, आणि भरड्याचं घमेलं फक्त आत ठेवायचं, बाहेर दाणा सुद्धा टाकायचा न्हाई. घमेल्याशेजारी बादलीत चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढं पाणी पाहिजेच, कोरडा भरडा त्यांच्या घशात अडकतोय. हे सगळं तुम्ही आईला दोन-दोनदा बजावलंत.

मला सगळ्यात जास्त आठवतंय ते दारातलं. बदकं शेडपर्यंत नीट आली आणि दारात येऊन थबकली, पुढचीनं मान तिरकी केली, एकाच डोळ्यानं आतला अंधार बघितला आणि सगळी लाईन मागं फिरली. आम्ही मागनं हुसकायला निघालो तर तुम्ही हात आडवा घातलात. म्हणालात, "पळवू नगंस, पाय लई नाजूक असत्यात, एकदा भ्याली की दाराशी येणार न्हाईत." मग आत बल्ब लावायला सांगितलात, उंबऱ्याला फळी टेकवून उतार केलात, आणि दोन्ही हातांत दोन लांब काठ्या घेऊन मागनं हळू चालत राहिलात. काठी मारायला नाही, नुसती बाजूला धरायची, डावी पुढं केली की बदकं उजवीकडं वळत्यात, आपण थांबलो की ती पण थांबत्यात. पुढची एक आत गेली आणि बाकीच्या पाची तिच्या मागनं. मी आजवर गुरं राखणारी माणसं लई बघितली पण असं न ओरडता हाकणं बघितलं नव्हतं.

आता टाइम फिक्स आहे. आई घमेल्यावर पळी वाजवती आणि "या गं या" म्हणती, की उसाच्या कडेनं सहाच्या सहा येतात. काठ्या कोपऱ्यात पडून आहेत. सकाळी नऊच्या आत सोडायचं नाही हे पण तुमचंच, बदकं पहाटे ते सकाळी अंडी घालतात, लवकर सोडली की अंडी उसात कुठं पडतील पत्ता लागत नाही. आता सगळी पाचटातच मिळतात, स्वच्छ.

आणखी एक बोलायचं राहिलं होतं. २०१९ च्या महापुरात चिखलीत पाणी चढायला लागलं तेव्हा तुमची बदकं एका हाकेला गोळा झाली म्हणून टेम्पोत घालून नेता आली, हे तुम्ही अगदी सहज सांगितलंत. आमच्या खालच्या आळीत पण पाणी येतं. पावसाळ्यात नदी फुगली की पाण्यात उतरलेलं बदक धरून आणणं कुणाच्या बापाला जमणार नाही, ते आपणहून आलं तरच. म्हणून मला वाटतं की नवीन बदकं आणणाऱ्यानं छान शेड, महाग फीड हे सगळं नंतर बघावं, आधी हाकेला यायची सवय लावावी, आणि त्याला आठ-दहा दिवस दम धरावा लागतो तो धरावा.

कळंब्यातल्या एका मित्रानं बदकं आणलीत, त्याला तुमचंच सगळं जसंच्या तसं सांगितलंय.

येत्या रविवारी आई आणि मी चिखलीला येतोय. अंड्यांची पाटी बाजूला काढून ठेवलीय, नको म्हणायचं नाही. आणि तुमच्या शेडच्या जाळीला खालनं भोक पडलंय म्हणाला होता, तर तार आणि पक्कड घेऊन येतो, जेवायच्या आधी तेवढं करून टाकू.

तुमचाच,
बावड्याचा पोरगा