लोटस 49 च्या 1/12 किटमधील चुकीच्या भागांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि किट आरेखन विभाग

विषय: 1967 च्या लोटस 49 च्या किटमध्ये मूळ गाडीत नसलेली चौकट आणि 1968 च्या गाडीचे भाग दिल्याबद्दल

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचे लोटस 49 या ग्रां प्री शर्यतीच्या गाडीचे 1/12 प्रमाणातले, जोडून तयार करायचे किट मी विकत घेतले. खोक्यावर झांडवूर्टच्या 1967 च्या डच ग्रां प्रीमधल्या 5 क्रमांकाच्या गाडीचे, म्हणजे लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क याच्या गाडीचे चित्र आहे आणि त्याखाली ‘मूळ गाडीची तंतोतंत प्रतिकृती’ असे छापले आहे. हे वाचूनच मी किट घेतले. जोडणी सुरू केल्यावर ज्या गोष्टी खटकल्या त्या मी ग्राहक सेवेला फोटोंसह कळवल्या. त्यावर उत्तर आले की उत्पादनाच्या सोयीसाठी थोडेफार बदल करावे लागतात आणि तयार मॉडेलमध्ये ते भाग फारसे दिसत नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, ते नीट लिहितो. हे पत्र कृपया आरेखन विभागापर्यंत पोहोचवावे.

सर्वांत गंभीर तक्रार इंजिनाखालच्या ट्रेची आहे. मोनोकॉकच्या, म्हणजे ड्रायव्हर ज्यात बसतो त्या पत्र्याच्या मुख्य सांगाड्याच्या, मागच्या भिंतीपासून गिअरबॉक्सच्या टोकापर्यंत जाणारी एक सपाट प्लॅस्टिकची चौकट आपण दिली आहे. इंजिन तिच्यावर बसवायचे, गिअरबॉक्स तिच्यावर टेकवायचा आणि मागच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाके गाडीला जोडणाऱ्या रचनेचे, दांडेही तिलाच चिकटवायचे, असे सूचनापत्रिका सांगते. खऱ्या लोटस 49 मध्ये अशी चौकट नाही. ड्रायव्हरच्या पाठीशी मोनोकॉक संपते आणि तिथून मागे इंजिन हीच गाडीची चौकट होते. कोसवर्थ डीएफव्ही हे 2993 सीसीचे व्ही-8 इंजिन कीथ डकवर्थ यांनी अशाच पद्धतीने भार घेण्यासाठी आखले. लोटसचे कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी गाडी त्या इंजिनाभोवती बेतली. खाली दोन बोल्ट आणि वर सिलिंडर हेडच्या बाजूला पातळ पोलादी पट्ट्या, एवढ्यावर ते इंजिन मोनोकॉकला जोडलेले असते. तापल्यावर इंजिन प्रसरण पावते, तेव्हा त्या वरच्या पट्ट्या किंचित लवतात आणि मोनोकॉकवर ताण येत नाही. मागच्या चाकांकडून येणारा भारही गिअरबॉक्स आणि इंजिनामार्गेच पुढे जातो.

ही कल्पना काही एकदम आकाशातून पडली नव्हती. 1966 च्या लोटस 43 मध्ये बी.आर.एम.च्या सोळा सिलिंडरच्या इंजिनावर हाच प्रयोग झाला होता, पण ते इंजिन फार जड होते. डीएफव्हीमुळे तो विचार हलक्या आणि सुटसुटीत रूपात उतरला आणि पुढच्या काळातल्या बहुतेक ग्रां प्री गाड्या याच वाटेने गेल्या. म्हणून ही गाडी करायला घेणारा माणूस आधी मोनोकॉक आणि इंजिन यांचा सांधा पाहतो. तो सांधाच आपण काढून टाकला आहे. लटकत्या पुलाखाली खांब उभे करून त्याची प्रतिकृती म्हणून विकावी, तसे हे झाले आहे.

आणि ‘दिसत नाही’ म्हणाल तर या गाडीच्या इंजिनावर झाकणच नव्हते. इंजिन उघडे, गिअरबॉक्स उघडा, सस्पेन्शन उघडे. बाजूने पाहिले की इंजिनाचा तळ आणि त्याखालची मोकळी जागा सरळ नजरेस पडते. आपल्या मॉडेलमध्ये तिथे एक जाड काळी पट्टी दिसते. काळा रंग देऊनही ती लपत नाही, उलट तिची सरळ कड इंजिनाच्या ओतीव खडबडीत पृष्ठभागाशेजारी जास्तच उठून दिसते.

ट्रेमुळे मापेही बिघडली आहेत. मी तो कॅलिपरने मोजला. जाडी दीड मिलिमीटर भरली, म्हणजे 1/12 च्या हिशेबाने खऱ्या गाडीत 18 मिलिमीटर. इंजिन तेवढे वर उचलले जाते. गोंद न लावता सगळे भाग जुळवून पाहिले तेव्हा इंजिनात हवा आत घेणाऱ्या तुताऱ्यांची तोंडे रोल बारच्या (ड्रायव्हरच्या मागच्या संरक्षक कमानीच्या) तुलनेत वाजवीपेक्षा वर आली, चाके फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट चाकांकडे खाली कलले आणि उजव्या बाजूचे एग्झॉस्ट ट्रेच्या कडेला अडले. ती कड कानशीने घासल्यावरच नळ्या जागेवर बसल्या. ट्रे काढून टाकावा, तर इंजिन धरून ठेवायला काहीच उरत नाही. मोनोकॉकच्या मागच्या भिंतीवर भोके नाहीत, खुणाही नाहीत आणि इंजिनाची पुढची बाजू सपाट कोरी आहे. म्हणजे ग्राहकाने स्वतःच्या हाताने दुरुस्ती करायची म्हटली तरी आपण त्याला आधार ठेवलेला नाही. चार बारीक धातूचे स्क्रू, आत बसवलेल्या पितळी नळ्या आणि वरच्या दोन पट्ट्या फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या) पातळ धातूच्या पत्र्यावर दिल्या असत्या, तर या वजनाचे प्लॅस्टिकचे इंजिन सहज पेलले असते. त्यामुळे उत्पादनाची सोय हे कारण मला पटत नाही.

दुसरी तक्रार सालाची. गिअरबॉक्सचे भाग स्प्रूवरून (भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावरून) सुटे केल्यावर लक्षात आले की हा ह्यूलंड कंपनीचा गिअरबॉक्स आहे. 1967 च्या गाडीत झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स होता. शर्यतीच्या ठिकाणी त्याच्या आतली गिअरची चाके काढून दुसरी बसवता येत नसत, म्हणून 1968 च्या 49बी या सुधारित गाडीत ह्यूलंड आला. दोन्हींचे कवच इतके वेगळे आहे की ज्याने एकदा फोटो पाहिला तो चुकणार नाही. तेलाच्या टाकीचेही तेच. 1967 मध्ये ती पुढे, नाकाच्या भागात होती. 49बी मध्ये ती मागे गिअरबॉक्सवर गेली. आपण ती मागेच दिली आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना पंखांसाठी आतून अर्धवट भोकेही आहेत. ते छोटे पंख 1968 च्या मोनॅको ग्रां प्रीला लोटसचाच दुसरा ड्रायव्हर ग्रॅहम हिल याच्या गाडीवर होते, त्याआधीच्या वर्षी या गाडीवर पंख हा प्रकारच नव्हता. हे सगळे एकत्र पाहिले की खोक्यात काय आहे ते स्पष्ट होते: 49बी चे साचे, आणि वरून 1967 चे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे.

कोणी म्हणेल, एका वर्षाचा फरक, एवढे काय त्यात? फरक आहे. खोक्यावर आपणच 4 जून 1967 ही तारीख छापली आहे. त्या दिवशी ही गाडी आणि हे इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरले. हिलने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली होती. शर्यतीत तोच आघाडीवर असताना इंजिनाच्या कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या गिअरचे दात गेले आणि तो बाहेर पडला. आठव्या जागेवरून निघालेल्या क्लार्कने शर्यत जिंकली. 1983 पर्यंत या इंजिनाच्या कुळाने 155 ग्रां प्री जिंकल्या, त्यातली ही पहिली. ज्याला ती गाडी करायची आहे त्याला त्या दिवशीची गाडी हवी असते. ज्याला 49बी हवी आहे तो ती घेईलच, आणि तीही सुंदर गाडी आहे. पण एकीच्या नावावर दुसरी देऊ नये.

डिकलबद्दल थोडक्यात. नाकापासून मागे येणारा पिवळा पट्टा एकाच पातळ थराचा छापला आहे. गडद हिरव्या रंगावर बसवल्याबरोबर तो मळकट, शेवाळी दिसू लागतो. पिवळ्याखाली पांढरा थर छापला की हे टळते, आणि क्रमांकाखालच्या वर्तुळात आपण तसा थर दिलाही आहे. मी शेवटी पट्ट्याचे डिकल बाजूला ठेवले, टेप लावून आधी पांढरा आणि मग पिवळा रंग एअरब्रशने मारला. तो चांगला आला, पण डिकल कामाचे नव्हतेच.

याच किटमध्ये काही काम फार उत्तम झाले आहे, हेही नोंदवणे मला गरजेचे वाटते. एग्झॉस्टच्या नळ्या बघा. प्रत्येक बाजूच्या चार नळ्या त्याच बाजूला एकत्र येतात, एकही नळी पलीकडे जात नाही. डीएफव्हीचा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) सपाट प्रकारचा असल्यामुळे प्रत्येक बाजू चार सिलिंडरच्या स्वतंत्र इंजिनासारखी समान अंतराने पेटते, म्हणून हे शक्य होते. आपल्या नळ्यांचे वळण, त्यांचा एकमेकींत शिरण्याचा क्रम, अगदी सांध्यावरची वेल्डिंगची बारीक कड, सगळे बरोबर आहे. प्रायमरचा पातळ हात दिल्यावरही ती कड बुजत नाही. आठ तुताऱ्या ॲल्युमिनियमच्या, लेथवर काढलेल्या, आणि त्यांचे ओठ योग्य जागी गोल वळलेले. पुढच्या सस्पेन्शनचे वरचे रॉकर आणि आत दडलेल्या स्प्रिंगाही जशा हव्यात तशा आहेत. ज्याने हे भाग आखले त्याला ही गाडी पुरती कळलेली आहे. म्हणूनच ट्रे आणि गिअरबॉक्स पाहून मला जास्त वाईट वाटले. आपल्याकडे जाणकार माणसे नाहीत असे नाही, त्यांचे म्हणणे या दोन ठिकाणी मागे पडले असावे, असे मला वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत. झेडएफ गिअरबॉक्सचे कवच, पुढच्या तेलाच्या टाकीचे भाग, भोके नसलेले नाक आणि पांढऱ्या थरावर छापलेला पिवळा पट्टा हे भाग मला बदलून मिळावेत. इंजिन थेट मोनोकॉकला जोडता येईल अशी मागची भिंत, इंजिनाची पुढची बाजू आणि वरच्या पट्ट्या तयार करून माझ्यासह ज्यांनी हे किट घेतले त्या सर्वांना विनामूल्य पाठवाव्यात. त्याला वेळ लागणार हे मी समजू शकतो. साचा बदलणे एका रात्रीत होत नाही आणि मी थांबायला तयार आहे. मात्र तोपर्यंत खोक्यावरचा ‘तंतोतंत’ हा शब्द आणि 1967 ची तारीख काढावी, किंवा आत 49बी चे भाग आहेत असे स्पष्ट छापावे. पुढचा ग्राहक निदान जाणून घेईल. हे भाग देणे शक्य नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. जोडलेले भाग मी अजून गोंदाने पक्के केलेले नाहीत, फक्त मोनोकॉक रंगवलेले आहे, एग्झॉस्टच्या नळ्यांना प्रायमरचा हात दिला आहे आणि ट्रेची एक कड घासली आहे.

सोबत ट्रेच्या मापाचे, एग्झॉस्ट अडतो त्या जागेचे, गिअरबॉक्सच्या कवचाचे, नाकाच्या आतल्या भोकांचे आणि डिकलच्या पट्ट्याचे फोटो जोडले आहेत. खरेदीची पावती आणि आधीच्या पत्रव्यवहाराची प्रतही आहे. आरेखन विभागातल्या कोणाला मापांविषयी काही विचारायचे असेल, तर मी हवी ती मापे घेऊन पाठवीन. कोणते भाग केव्हापर्यंत मिळतील, हे कृपया लेखी कळवावे.

कळावे,

आपला ग्राहक