मनूला पत्र, मिडवेच्या पत्त्यावर

प्रिय मनू,

तुझा मेसेज मिळाला. विमान रात्री उतरलं म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, पॅसिफिकसारख्या एवढ्या मोठ्या समुद्रात मिडवेसारखं एवढंसं बेट आणि तेही अंधारात, मग बाबांनी समजावलं की या सीझनमध्ये तिथे मुद्दाम रात्रीच विमान उतरवतात, दिवसा एवढे अल्बट्रॉस, म्हणजे ते मोठाले समुद्रपक्षी, हवेत असतात की आपटायची भीती. म्हणजे पक्ष्यांच्या टाइमटेबलप्रमाणे माणसं चालतात. हे मला फारच आवडलं बघ.

आता जरा कबुली देते. तू नोकरी सोडून सहा महिने जाते म्हणालीस तेव्हा मी जे बोलले ना, "फुकट पक्षी मोजायला एवढ्या लांब कशाला", ते तू विसरली नसशीलच. त्यातला "फुकट" मी मागे घेते. "मोजायला" मात्र राहू दे, कारण आज त्याच्याबद्दलच लिहायला बसलेय.

२००१ साली मला जनगणनेची ड्युटी लागली होती, तू लहान होतीस, आठवत नसेल. उन्हातान्हात घरोघरी फिरायचं, तेच तेच प्रश्न विचारायचे. एका घराला तीनदा कुलूप. चौथ्यांदा जायचा कंटाळा आला गं, शेजारची बाई म्हणाली पाच जण आहेत, मी पाच लिहून मोकळी झाले. पुढच्या वर्षी त्याच घरातली मुलगी माझ्या वर्गात आली आणि बोलता बोलता कळलं की घरात एक अंथरुणाला खिळलेली आजी आणि एक डोळ्यांनी न दिसणारा काका पण होते, दोघं कधी बाहेर पडायचे नाहीत म्हणून शेजारणीला त्यांची आठवणच झाली नाही. माझ्या रजिस्टरात ते दोघं नव्हतेच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही.

म्हणून तू सांगितलंस ना की रांगेत चालायचं, हातात क्लिकर, अंड्यावर बसलेला पक्षी दिसला की एकदा दाबायचं आणि घरट्याशेजारी रंगाचा ठिपका टाकायचा म्हणजे दोनदा मोजलं जात नाही, ते वाचून मला एकदम माझी ती वही आठवली. चार-पाच लाख घरटी! पहिल्या दिवशी सगळ्यांनाच मजा वाटणार. दहाव्या दिवशी गुडघे बोलायला लागणार, ऊन किंवा पाऊस असणार, आणि कोपऱ्यातल्या झुडपाखाली पक्षी नुसताच बसलाय की अंडं आहे हे वाकून बघायचा कंटाळा येणार. तेव्हा "असेल" म्हणून दाबू नकोस आणि "नसेल" म्हणून पुढे पण जाऊ नकोस. वाकून बघ. मला चौथ्यांदा जायचा कंटाळा आला होता, एवढंच लक्षात ठेव.

आणि ती विस्डम नावाची म्हातारी अल्बट्रॉस! तिच्याबद्दल वाचून मी दोन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं. १९५६ साली चॅन्डलर रॉबिन्स नावाच्या पक्षी अभ्यासकाने मिडवेवर तिच्या पायात ओळखीसाठी नंबराचं कडं अडकवलं, तेव्हा ती अंडं घालत होती म्हणजे निदान पाचेक वर्षांची असणारच. खारं पाणी आणि वाळू, कडी झिजतात, मग ती बदलून नवीन नंबर देतात. २००२ साली याच रॉबिन्सनी तिथेच एक पक्षी पकडला, नंतर जुनी रजिस्टरं चाळत नंबरावरून नंबर मागे मागे जात बघितलं तर हा त्यांनी स्वतःच ४६ वर्षांपूर्वी कडं घातलेला पक्षी! मधे कुणी एकाने जरी नंबर नीट लिहिला नसता तरी ती नुसती अजून एक अल्बट्रॉस राहिली असती. २०२४ च्या शेवटी तिने परत अंडं घातलं, सत्तरी ओलांडून, मला तर साठीत जिना चढवत नाही.

पेट्रेलच्या, त्या जमिनीत बीळ करून राहणाऱ्या छोट्या समुद्रपक्ष्यांच्या, बिळांचं जपून हं. वरून जमीन साधी दिसते आणि पाय टाकला की गुडघाभर आत. तसं झालं तर कितीही घाई असली तरी हाताने वाळू उकरून आतला पक्षी ठीक आहे ना बघायचं, हे तुला तिथे शिकवलंच असेल, मी आपली परत सांगते. उंदरांचं वाचून मात्र अंगावर काटा आला, १९९० च्या दशकात मोठे उंदीर संपवले तेव्हा पेट्रेल परत वाढले, आणि २०१५ पासून छोट्याशा घरउंदरांनी अंड्यावर बसलेल्या एवढ्या मोठ्या अल्बट्रॉसला रात्री कुरतडायला सुरुवात केली, आणि तो वेडा पक्षी अंडं सोडून उठतच नाही.

पिल्लं फेब्रुवारीपर्यंत निघतील, मग तुला खरा त्रास होणार. समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर उडणाऱ्या माशांची अंडी चिकटलेली असतात, आईबाप ती अंडी समजून लायटर नि बाटल्यांची झाकणं पण गिळतात आणि घरी येऊन पिल्लाच्या चोचीत ओततात. काही पिल्लं मरतील, तुझ्या समोर मरतील. लहानपणी घरात आणलेल्या चिमणीच्या पिल्लासाठी तू रात्रभर रडली होतीस, मला तेच आठवतंय. रड खुशाल. पण मेलेली पिल्लं मोजायची असतील तर तीही नीट मोज, २०११ च्या त्सुनामीत तिथे एक लाखाहून जास्त पिल्लं गेली हे आज आपल्याला कळतंय ते कुणीतरी तेव्हा मोजलं म्हणूनच ना.

बाकी इकडे सगळं ठीक. गुडघ्याचा पट्टा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलाय, तुला सापडला नसेल, तू तो कप्पा कधी उघडतच नाहीस. नेट मिळेल तेव्हा दोन ओळी टाक, फोटो नाही पाठवलेस तरी चालतील.

विस्डम दिसली तर कळव. आणि नाही दिसली तर नाही दिसली असंच कळव.

आई