प्रेशर नॉर्मल असलं तरी

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, आई सांगत होती की तुम्ही काचबिंदूच्या ऑपरेशनचं टाळताय. ‘डोळ्याचं प्रेशर १६ आलंय, मग कसला काचबिंदू?’ असं म्हणालात म्हणे.

इथे नागोयाजवळ ताजिमी आहे, चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. तिथे २०००-०१ मध्ये चाळिशीपुढच्या तीन हजारांवर लोकांचे डोळे तपासले. ज्यांना ओपन-अँगल काचबिंदू (डोळ्यातलं पाणी वाहून जायचा कोपरा उघडाच असतो, तो प्रकार) निघाला त्यांच्यातल्या ९२ टक्के लोकांचं प्रेशर २१ किंवा त्याच्या आतच, म्हणजे नॉर्मलच होतं! डोळ्यामागची नस तेवढ्या प्रेशरलाही झिजते, म्हणून ते अजून उतरवावं लागतं. नुसत्या थेंबांनी भागलं नाही तर मग ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायला नवी वाट करून देणारं ऑपरेशन.

आमच्या शेजारच्या आजींचं हेच ऑपरेशन झालंय. त्यांनी वरची पापणी उचलून मला दाखवलं. पांढऱ्या भागावर फिकट, पाणीदार फुगवटा आहे, डोळ्यातलं पाणी तिथे झिरपतं. जखम भरून आली की ही वाट बुजते, म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन लावतात. हे मूळचं जपानात शोधलेलं कॅन्सरचं औषध. काचबिंदूच्या ऑपरेशनात ते आधी वापरलं तैवानच्या डॉक्टरांनी.

आई, आता हे तू नीट वाच. या औषधाने फुगवट्याचं आवरण पातळ होतं आणि जंतू शिरायची भीती राहते. जपानातल्या बऱ्याच दवाखान्यांनी मिळून केलेल्या पाहणीत पाच वर्षांत साधारण २.२ टक्के डोळ्यांना असा संसर्ग झाला. भीती मोठी नाही, पण ती पहिल्या महिन्यात संपतही नाही. डोळा लाल झाला, चिपडं आली, दुखायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आजींनी हे त्यांच्या औषधांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.

आणि बाबा, मोतीबिंदूसारखी पट्टी काढली की लख्ख दिसेल, असं या ऑपरेशनात होत नाही. सुरुवातीला अंधुकच दिसतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची एवढ्यासाठीच हा खटाटोप. तुम्ही पाठवलेले फील्डचे, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीचे, दोन्ही रिपोर्ट मी शेजारी ठेवून पाहिले. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा काळा भाग वाढलाय. मला झोप लागत नाही ती त्यामुळे.

डॉक्टरांना विचारा, माझं प्रेशर कितीवर आणायचंय? तो आकडा आणि ऑपरेशनची तारीख कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची,
मनू