वारीला चपला घालून जा म्हणणाऱ्या सिस्टरांस

सिस्टर, रामकृष्ण हरी.

तुम्हाला टांझानियाला पाठवल्याचं तुमच्या जागी आलेल्या सिस्टरांकडून कळलं. त्यांच्याकडे पत्ता होता, पण टपालाचा भरवसा नाही. शिवाय मला जे म्हणायचंय ते चारचौघांत म्हणायचंय, म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव आणि आपल्या कुष्ठरोग दवाखान्याचं गाव लिहीत नाही. "माझं नाव कुठं छापायचं नाही" हे तुम्ही आधीच बजावून ठेवलंय.

लोक तुमच्यासारख्या व्रत घेतलेल्या ख्रिस्ती सिस्टरांबद्दल बोलायला लागले की पहिला शब्द 'सेवा'. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही माझी सेवा फारशी केलीच नाहीत. पहिल्या दिवशी तळपायाची जखम तुम्ही धुतलीत, दुसऱ्या दिवशी पाण्याचं घमेलं माझ्यापुढं सरकवलंत आणि समोर स्टूल घेऊन बसलात. मी वाट बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "पाय कोणाचा आहे?" तेव्हा राग आला होता. घरच्यांनी टाकल्यासारखं केलेलं, वाटलं इथं तरी कोणी करेल. आज आभार मानतोय ते त्या घमेल्याचे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मला कुष्ठरोग झाला होता. गावात अजून महारोग म्हणतात, जुनी माणसं रक्तपिती. सुरुवात पाठीवरच्या फिकट चट्ट्यानं झाली. दुखत नाही, खाजत नाही, मग कोण लक्ष देतंय? पुढं डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं. कोपराच्या मागची शीर, म्हणजे मज्जातंतू, दोरीसारखी जाड झाली होती, हे तुम्ही चाचपून सांगितलंत तेव्हा कळलं. एमडीटीची, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र देतात त्या गोळ्यांची, पाकिटं सुरू झाली. महिन्याचा मोठा डोस तुमच्या डोळ्यांदेखत गिळायचा. त्या दिवशी लघवी लाल झाली की नवे पेशंट घाबरून पळत यायचे. दुसऱ्या गोळीनं तोंड काळवंडलं, ते उतरायला पुष्कळ दिवस गेले. तेव्हा माझ्यासारख्यांना दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागत, पुढं हाच कोर्स 12 महिन्यांवर आला.

गोळ्यांनी जंतू मेला. पण मेलेली शीर परत येत नाही, आणि ही गोष्ट गोळ्या देणारे सगळेच सांगत नाहीत. तळपाय बधिर ते बधिरच. चपलेत खडा गेला तरी दिवसभर चालतो माणूस. चहाचा ग्लास हातात धरला की फोड आल्यावर कळतं तो गरम होता. बोटं झडतात म्हणतात ते रोगानं नव्हे, अशा न कळलेल्या जखमा सडून जातात म्हणून. रात्री झोपेत उंदरानं अंगठा कुरतडलेला आणि सकाळी रक्त बघून कळलेला माणूस मी स्वतः वॉर्डात पाहिला.

म्हणून ते घमेलं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात, कोमटही नाही. मग वजरीनं घट्टे घासायचे, ओल्या पायाला खोबरेल लावायचं, आरसा धरून तळवा बघायचा. लाल डाग दिसला की दुसऱ्या दिवशी चालणं बंद. कोणी बघायला नसलं तरी करायचं. हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की अजून आरसा उचलला की तुमचा आवाज येतो, तो मल्याळी हेल असलेला.

माझ्या सासऱ्यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पोरीला घेऊन जायला आले होते, सोडचिठ्ठीची भाषा चालली होती. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, तेव्हा हिंदू विवाह कायद्यातच कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते काढून टाकायला 2019 साल उजाडलं. तुम्ही घरी आलात, भाषण दिलं नाही. बायकोला आणि दोन्ही पोरांना उजेडात उभं केलंत, पाठ, दंड, कान बघितलेत, शिरा चाचपल्यात आणि वहीत नोंद केलीत. मग सासऱ्यांना म्हणालात, "तुम्हीपण शर्ट काढा." तपासून झाल्यावर त्यांना सांगितलंत की शंभरातल्या पंच्याण्णव माणसांच्या अंगात या जंतूला हरवायची ताकद जन्मतःच असते, आणि गोळ्या सुरू झाल्या की मी कोणाला काही देऊ शकत नाही. ते शर्टाची बटणं लावत गप बसले. चहा पिऊन एकटेच गेले.

दवाखान्यामागच्या चपलांच्या शेडमध्ये तुम्ही मला घातलंत तेव्हा मी शेतमजूर होतो, आरीसुद्धा नीट धरता येत नव्हती. मुठीला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ती जाड करून दिलीत. एमसीआर चप्पल म्हणजे आत मऊ सूक्ष्म छिद्रांचं रबर, खाली गाडीच्या टायरचा तळ, आणि खिळा एकही नाही. खिळा वर आला तर बधिर पायाला कळणार कसं? सगळं शिलाईवर आणि चिकटवण्यावर. रबर बरोबर आहे का हे अंगठ्यानं दाबून बघायचं: दबलं पाहिजे, पण खालचा तळ बोटाला लागता कामा नये. ही चप्पल तमिळनाडूतल्या वेल्लोरकडच्या डॉक्टर लोकांनी बसवलेली, हे तुम्हीच सांगितलंत.

वेल्लोरवरून तुम्ही कराचीच्या बाईंची गोष्ट काढायचात. डॉ. रूथ फाऊ, लाइपझिगची जर्मन बाई, बॉम्बवर्षावात घर गेलेलं. तुमच्यासारखीच व्रत घेतलेली, पण तिच्या संस्थेत वेगळा झगा नाही. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत निघालेली संस्था, तेव्हापासून साध्या कपड्यात. कराचीत ती सलवार-कमीज, ओढणीत फिरायची. 1960 साली खरं तर भारतात यायला निघाली होती, व्हिसाच्या भानगडीत कराचीला अडकली. तिथं मॅक्लिओड रोडमागच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत एक तरुण हातापायांवर रांगत दवाखान्यात शिरताना पाहिला आणि राहिलीच. 1961 ला शिकायला वेल्लोरला आली, शिकून परत गेली.

मला त्या गोष्टीत आवडायचं ते पुढचं. एकट्या बाईनं किती जखमा धुतल्या असत्या? तिनं तिथल्याच माणसांना शिकवून कुष्ठतंत्रज्ञ केलं, डोंगरात, गोठ्यांत लपवलेले पेशंट शोधायला लावलं, सरकारला बरोबर घेतलं. 1996 ला जागतिक आरोग्य संघटनेनं पाकिस्तानात हा रोग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. बाबा आमट्यांना 1985 ला मिळाला तो मॅगसेसे पुरस्कार तिला 2002 ला मिळाला. 2017 च्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा त्या मुसलमान देशानं ख्रिस्ती बाईला शासकीय इतमामात निरोप दिला. कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला आता तिचं नाव आहे. तुम्ही मात्र गोष्ट संपवताना एवढंच म्हणायचात, "तिनं माणसं तयार केली. चला, कामाला लागा."

आता वारीचं. बरा झालो तर फलटणहून पंढरपूरपर्यंत अनवाणी चालेन असा नवस आईनं माझ्या नावानं बोलला होता. तुम्हाला कळलं तेव्हा वाटलं, ख्रिस्ती बाई, आपल्या देवाचं नको म्हणेल. तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात, घट्टा दाबून बघितलात आणि म्हणालात, "तुझा देव अठ्ठावीस युगं उभा आहे. पाय दुखणं म्हणजे काय ते त्याला कळतं. तुला कळत नाही." वॉर्डात रोज संध्याकाळी आरती व्हायची, तिथून उचललेलं! त्या आठवड्यात शेडमध्ये माझ्याच मापाचे दोन जोड झाले, एक घालायला, एक पिशवीत. आईची समजूत तुम्हीच काढलीत, कशी ते मला आजवर दोघींनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून एमसीआर घालूनच जातो. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. मुक्कामाला राहुटीत बॅटरी लावून आरशात तळवे बघतो, दिंडीतले हसतात. एकदा एक पोरगा हसला नाही, त्यानं हळूच विचारलं, मला पण इथं कळत नाही, असं का? त्याला गाडीत बसवून तपासायला पाठवलं.

लोक विचारतात, ख्रिस्ती केलं का रे तुला? मी गळ्यातली माळ दाखवतो. कधीकधी उलट विचारतो, तुमच्यापैकी कोण आलं होतं घमेलं घेऊन? हा प्रश्न कोणाला आवडत नाही.

इकडची खबर चांगली आणि वाईट दोन्ही. 2005 ला आपल्या देशातून हा रोग 'दूर' झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी पेशंट. त्यानंतर घरोघर फिरणं मंदावलं. अजूनही जगातल्या नव्या पेशंटांतले निम्म्याहून जास्त भारतातच निघतात, आणि आमच्या शेडमध्ये चपलेची मापं कमी होत नाहीत. नवीन सिस्टर तरुण आहेत. त्यांचंही घमेलं पुढं सरकवणं सुरू आहे, फक्त त्या तुमच्यापेक्षा जरा गोड बोलतात. दोन पोरं शिलाई शिकताहेत, एकाची बोटं माझ्यासारखीच वाकलेली. त्याच्या आरीला पट्ट्या मी गुंडाळून दिल्या.

तिकडं टायर मिळत असेलच. मऊ रबर मिळत नसेल तर कळवा, येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांबरोबर शीटचा गठ्ठा पाठवतो. मापं पाठवायची तर पेशंटला कागदावर उभं करून पेन्सिल सरळ धरून पाय आखा, तिरकी धरू नका. जखम किंवा घट्टा असेल तिथं फुली मारा आणि खाली डावा की उजवा ते लिहा. पहिले बारा जोड आमच्याकडून.

आपला,
शेडमधला चपलावाला
फलटण तालुका