तवसाळच्या वाटेवर भेटलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे टाकत नाही, कारण तुम्हीच म्हणाला होतात की नाव-बिव कुठे लिहू नका, वाडीत चेष्टा होते. पण पत्र उघडच लिहितोय. त्या दिवशी मी घाईत नुसतं थँक्यू थँक्यू करत निघालो, आणि ज्या गोष्टीसाठी खरे आभार मानायला हवे होते ती मला रात्री घरी पोचल्यावर कळली.

तर झालं असं होतं (हे तुम्हाला माहितीये, वाचणाऱ्यांसाठी सांगतोय) की डिसेंबरात चार दिवस चिपळूणला सासुरवाडीला आलो होतो, पुण्याहून कुंभार्ली घाटाने बाइक घेऊन. बायको आधीच पोचली होती. एक अख्खा दिवस मोकळा मिळाला म्हणून एकटाच निघालो, सकाळी गुहागर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वेळणेश्वर, हेदवी, पुढे तवसाळहून फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता आणि रत्नागिरीहून हायवेने परत. वेळणेश्वरला नारळांच्या सावलीत पाय पसरून बसलो, हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, बामणघळीवर गेलो तर ओहोटी, त्यामुळे त्या फटीतून पाणी उसळताना दिसलं नाही, खाली नुसती खळखळ ऐकून आलो. तरी खूश होतो. हेदवी सोडून रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढला की जे दिसतं ना, एका बाजूला काळा-तांबडा कातळ आणि वाळलेलं पिवळं गवत, दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र, आणि कलमांना नुकताच मोहोर धरायला लागलेला, तिथे माणूस आपोआप तिसऱ्या गियरवर येतो.

आणि तिथेच चेन तुटली. भर दुपारी, सड्यावर, जिथे सावलीला एक झाड नाही.

आता जरा मनातलं बोलतो. ही गाडी निघायच्या आधल्या आठवड्यात पुण्यात सर्व्हिसिंगला दिली होती. मोठं चकाचक सर्व्हिस सेंटर, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, आणि हातात दिलेल्या कागदावर चेनपुढे टिकमार्क! बिल किती झालं ते सांगत नाही, तुम्ही हसाल. मग त्यांच्या चोवीस तास मदतीच्या नंबरला फोन लावला. नेटवर्कची एक दांडी येत होती जात होती, त्यात पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात पिनकोड विचारतेय. पिनकोड माहीत नाही म्हटलं तर "सर, जवळचा लँडमार्क?" मी म्हटलं अरबी समुद्र. तिने ते टाइप केलं असावं, कारण थोडं थांबून म्हणाली, "सर, हा एरिया आमच्या सर्व्हिसेबल झोनमध्ये येत नाही." त्यानंतर बाइकवाल्यांचा एक ग्रुप गेला, माझ्यासारखेच शहरातले, हेल्मेटवर कॅमेरे, गुडघ्याला पॅड. मी हात केला. त्यांनी अंगठा दाखवला आणि गेले. त्यांच्या व्हिडिओत मी कुठेतरी हात हलवताना दिसत असेन. तेवढ्यात फोनपण गेला, मॅप लावून लावून बॅटरी संपलेली.

मग तुम्ही आलात, स्प्लेंडरवर, मागे डिझेलचा कॅन बांधलेला. थांबू का नको असा विचार करताना दिसला नाहीत, गाडी बाजूला घेऊनच विचारलंत, "काय हो, चेन गेली काय?" नंतर कळलं की तुम्ही होड्यांची इंजिनं दुरुस्त करता. पुढे तुम्ही पाय लावून माझी गाडी ढकलत वाडीपर्यंत नेलीत, चेन जोडायचं लॉक कुठून तरी आणलंत, काय ठोकलंत, काय बसवलंत, ते मला धड कळलं नाही आणि इथे त्याचं वर्णन करत बसत नाही. गाडी चालू झाली आणि चिपळूणपर्यंत चेनने कुरकुर केली नाही एवढंच सांगतो.

मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. तुमच्या पडवीत बसवल्यावर काकूंनी स्टीलच्या पेल्यात ताक आणून दिलं, आलं-मीठ लावलेलं, आणि पेला पुरता संपायच्या आत परत भरला. तुम्ही हात पुसत विचारलंत, घरी कुणाला कळवायचंय का. मी बायकोचा नंबर सांगितला. तुम्ही बाहेर गडग्यापाशी जाऊन, जिथे रेंज येते तिथे, फोन लावलात. मला वाटलं, झालं, निरोप गेला.

रात्री बायकोने सांगितलं की तुमचं पहिलं वाक्य काय होतं. "वहिनी, आधी ऐका, ते बरे आहेत, माझ्या पडवीत बसून ताक पितायत. आता काय झालं ते सांगतो."

दादा, तुम्हाला हे माहीत असायचं काहीच कारण नव्हतं, पण माझा मेहुणा काही वर्षांपूर्वी मुंबई-गोवा हायवेवर बाइकवरूनच गेला. तेव्हाही असाच अनोळखी नंबरवरून फोन आला होता आणि तो बायकोने उचलला होता. पलीकडच्या माणसाने सुरुवातच केली होती, "हे तुमचे कोण लागतात?" तिथपासून अनोळखी नंबर दिसला की तिचा हात थरथरतो, मी गाडीवर बाहेर असलो तर जास्तच. त्या दुपारी माझा फोन बंद लागत होता आणि स्क्रीनवर तुमचा नंबर. ती म्हणाली, उचलेपर्यंत पोटात गोळा होता आणि पाच-सहा शब्दांत तो गेला, नंतर चेनचं काय सांगितलं ते तिने ऐकलंच नाही. मग ती जेवली. तोवर जेवली नव्हती.

बघा ना, हे कुणी शिकवत नाही. बहुतेक लोक गोष्ट घडली त्या क्रमाने सांगतात, आधी गाडी, मग सडा, मग ऊन, आणि शेवटी माणूस. तुम्ही माणूस आधी सांगितलात. ऐकणाऱ्याचा जीव कुठे अडकलाय हे ज्याला न सांगता कळतं त्याला मी सभ्य म्हणतो, बाकी सर-सर करणं पगारावर मिळतं. कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटेरी आणि आत गोड, हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण तुमच्यात मला वरचे काटेपण सापडले नाहीत. हां, पैसे पुढे केले तेव्हा मात्र जे डोळे वटारलेत ते वटारलेतच.

पुढची ट्रिप छान झाली. तवसाळला फेरी लगेच मिळाली, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे पाणी ओलांडताना रेलिंगला टेकून उभा होतो. जयगडला उतरलो, केशवसुतांचं मालगुंड नुसतं गाडीवरून बघितलं, आरे-वारेला सूर्य अगदी टेकला होता. फोटो काढायला फोन चालू नव्हता, बरंच झालं. रत्नागिरीत चार्जिंग मिळाल्यावर घरी फोन केला तर बायको निवांत, म्हणे सावकाश ये.

सर्व्हिस सेंटरचा फीडबॅकचा फोनपण येऊन गेला. दहापैकी किती मार्क द्याल सर? त्यांना जे बोललो ते या पत्रात शोभणार नाही.

बायकोने काकूंसाठी एक साडी आणि बाकरवडी बाजूला काढून ठेवलीये. तुम्ही पत्ता देणार नाही हे मी तिला सांगितलंय, पण ती ऐकणाऱ्यातली नाही, या आठवड्यात स्वतःच तुम्हाला फोन करणार आहे. तुमच्याकडे तिचा नंबर सेव्ह नसेल, तरी उचला.

तुमचा,
चेनवाला पुणेकर